फिल्टर बदलला की झालं?

"फिल्टर बदललास का?"

जुनी कार्बोरेटरवाली स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हा. गाडी चढावर धापा टाकतेय? फिल्टर बदल. सकाळी स्टार्ट होत नाही? फिल्टर बदल. आपल्याकडे कसं, डोकं दुखो की गुडघा, "पोट साफ आहे ना?" हे आधी विचारतात, तसंच. आणि गंमत म्हणजे विचारणारा उत्तरासाठी थांबतही नाही.

या सल्ल्यावर माझा फार राग आहे. सल्ला चुकीचा आहे म्हणून नाही. अर्धा बरोबर आहे म्हणून. पूर्ण चुकीचा सल्ला एकदा फसला की माणूस सोडून देतो. अर्धा बरोबर सल्ला वर्षभर पैसे खातो.

माझ्याकडे १९६९ सालची एमजीबी आहे. (ती का घेतली, घरच्यांनी काय काय ऐकवलं, ते पुन्हा कधीतरी.) मी राहतो रेडिंगला, आणि ही गाडी जिथे जन्मली ते ॲबिंग्डन इथून ५० किलोमीटरच्या आत. १९६२ ते १९८० या काळात एमजीबी आणि तिची जीटी मिळून पाच लाखांवर गाड्या बनल्या, त्यामुळे इंग्लंडात ही काही दुर्मीळ चीज नाही. १७९८ सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, मागच्या चाकापाशी टकटक करणारा एसयूचाच इलेक्ट्रिक पंप. कुठेही सेन्सर नाही, ईसीयू नाही. दिवसभर दुसऱ्याने लिहिलेल्या कोडमधे डोकं घालून बसणाऱ्याला हे म्हणजे स्वर्गच.

तर या स्वर्गातल्या गाडीला मागच्या उन्हाळ्यात एक रोग जडला. गावात फिरवा, काही नाही. हायवेला ताशी साठ मैलांवर वीसेक मिनिटं झाली की एकदम दम जायचा. ॲक्सिलरेटर दाबावा तर उलट आणखी मरगळ. कडेला घ्यायची, बॉनेट उघडायचं, आजूबाजूच्या गाड्यांतून येणाऱ्या दयार्द्र नजरा झेलायच्या, दहा मिनिटांनी किल्ली फिरवायची... आणि बाईसाहेब पहिल्या झटक्यात चालू! जणू काही झालंच नव्हतं. आपल्याकडे प्रॉडक्शनमधे येणारा आणि टेस्टिंगला न दिसणारा बग असतो ना, अगदी तोच प्रकार.

गॅरेजमधे दिली. (नाव सांगत नाही, माणसं वाईट नव्हती.) त्यांनी कार्बोरेटर उघडले, साफ केले, नवे गास्केट, नवे फ्लोट नीडल, आणि हो, नवा फिल्टर. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. पुन्हा कार्बोरेटर उघडले, पुन्हा फिल्टर. तिसऱ्यांदा त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "एसयू जुने झाले, वेबर बसवून घ्या."

या दरम्यान मी स्वतःही शहाणपणा केला होता. ऑनलाइन एक काचेचा फिल्टर मिळतो, दोन्ही टोकांना चकचकीत क्रोम, मधे पारदर्शक नळकांडं, आत जाळी. तो मागवला आणि कार्बोरेटरच्या अलीकडे बसवला. म्हटलं, आता सगळं डोळ्यांनी दिसेल. आणि दिसलंही. आत पेट्रोल, स्वच्छ, फिकट सोनेरी. एक कण नाही. म्हणजे पेट्रोलची लाइन ठीक, दोष दुसरीकडेच. मग मी कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, पॉइंट्स बदलले. फिल्टर स्वच्छ दिसत होता म्हणून!

शेवटी नाशिकला बाबांना फोनवर सहज सांगत होतो. बाबांकडे पंधरा वर्षं प्रीमियर पद्मिनी होती, तेवढाच त्यांचा या विषयातला अधिकार. ते म्हणाले, "अरे, टाकीत काय आहे ते बघितलंस का? तुम्ही लोक सगळे पुढूनच का सुरुवात करता?"

मी बघितलं नव्हतं. तिघांपैकी कुणीच बघितलं नव्हतं.

टाकी उतरवली. आत आधीच्या कुठल्यातरी मालकाने गंज झाकायला सीलरचा लेप ओतलेला होता. असे जुने लेप इथेनॉलवाल्या पेट्रोलमधे सुटतात, तसा तो पापुद्रे धरून सुटत होता. पिक-अप नळीच्या टोकाला एक बारीक जाळी असते. गाडी जोरात चालली की पंप जोरात ओढणार, पापुद्रे येऊन त्या जाळीला चिकटणार, पेट्रोल बंद. गाडी थांबली की ओढ संपली, पापुद्रे गळून खाली. दहा मिनिटांनी सगळं ठीक. फिल्टर स्वच्छ होता कारण घाण त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती! जो साक्षीदार घटनास्थळी नव्हताच, त्याच्या जबानीवर आम्ही वर्षभर खटला चालवला.

आता माझा मूळ मुद्दा. फिल्टर हा इलाज नाही. फिल्टर म्हणजे लॉग फाइल आहे. एरर आली की लॉग फाइल डिलीट करून "आता बघा, साफ आहे" म्हणणाऱ्या ज्युनियरला आपण काय म्हणतो? पण तोच माणूस शनिवारी गाडीतला घाण झालेला फिल्टर काढून कचऱ्यात फेकतो, नवा बसवतो आणि वर मेंटेनन्स केला म्हणून खूश होतो.

फेकू नका. कापा. कागदी फिल्टर असेल तर बारीक करवतीने कापा, पेट्रोल पूर्ण उडून गेल्यावर, घराबाहेर. (ही सूचना विनोद म्हणून लिहिलेली नाही.) कागदाच्या घड्या पांढऱ्या कपड्यावर उलगडा. लालसर तपकिरी पूड दिसली तर लोहचुंबक फिरवा. चिकटली तर गंज, म्हणजे टाकी किंवा लोखंडी पाइप. काळा, मऊ, बोटावर काजळासारखा पसरणारा चुरा असेल तर रबरी नळीचं आतलं अस्तर सुटतंय. बाहेरून ती नळी अगदी नवी दिसत असेल, तिच्या दिसण्यावर जाऊ नका. करडी-पांढरी पूड म्हणजे बहुतेक जस्त किंवा ॲल्युमिनियम कुठेतरी सडतंय, आणि तसं असेल तर पेट्रोलमधे पाणी आहे का ते आधी बघा. चिकट, मधासारखा थर आणि जुन्या वार्निशचा वास, म्हणजे गाडी फार महिने नुसती उभी आहे. या चार गोष्टींचे चार वेगळे इलाज आहेत आणि त्यातल्या एकाचंही नाव "नवा फिल्टर" नाही.

पारदर्शक फिल्टरवाल्यांची आणखी एक भीती मी नेहमी ऐकतो. "फिल्टर अर्धाच भरलेला दिसतोय, पंप गेला वाटतं!" अहो, काही गेलेलं नाही. फिल्टरच्या वरच्या भागात हवेचा फुगा अडकून राहतो, पेट्रोल खालून आरामात जात असतं. खरोखर शंका असेल तर मोजा ना. इंजिन गार असताना, मोकळ्या जागेत, हाताशी आग विझवायचं सिलिंडर ठेवून कार्बोरेटरची नळी सोडवा, डब्यात धरा आणि इग्निशन चालू करा. एसयू पंपाने मिनिटाला निदान एक इंपिरियल पाइंट, म्हणजे ५७० मिलिलिटरच्या आसपास, पेट्रोल द्यायलाच हवं, बुडबुडे न येता. आणि एक मिनिट मोजून थांबू नका, धार आणखी चालू ठेवा. माझ्या गाडीने पहिल्या मिनिटाला व्यवस्थित दिलं, दुसऱ्याला निम्मं, तिसऱ्याला नुसती पिचकारी. डबा आणि घड्याळ. एवढ्यात झालं असतं. मी कॉइल बदलत बसलो होतो.

मापन करताना टाकीचं झाकणही एकदा सैल करून बघा. झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं असेल तर टाकीत निर्वात होतो आणि पंप बिचारा स्वतःशीच रस्सीखेच खेळत बसतो. झाकण उघडताना "फुस्स" झालं तर उत्तर फुकटात मिळालं.

पंपाचा आवाज हे तर वरदान आहे. किल्ली फिरवली की टकटक सुरू, दोन्ही फ्लोट चेंबर भरले की टकटक मंदावत जवळजवळ थांबते. इंजिन बंद असताना टकटक थांबतच नसेल, तर टाकीत पेट्रोल नाही, किंवा पंप हवा ओढतोय, किंवा पेट्रोल कुठेतरी बाहेर जातंय. या तिसऱ्या शक्यतेसाठी रेडिओ बंद ठेवून ऐकायची सवय लावून घ्यावी.

आता वेबर. एसयू काढून वेबर डीसीओई बसवायचा सल्ला मला तीन वेगवेगळ्या लोकांनी दिला. इटालियन, देखणा, आवाज झकास, सगळं मान्य. पण एमजीबीच्या दीड इंची एसयूचं जेट ०.०९० इंचाचं, म्हणजे जवळजवळ २.३ मिलिमीटर. त्यात सुई असते हे धरूनही वाट मोकळीच. डीसीओईच्या आयडल जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. ज्या टाकीतली घाण एसयूला सोसली नाही, त्याच टाकीच्या पुढे त्याहून नाजूक कार्बोरेटर बसवायचा? सर्व्हर स्लो आहे म्हणून मॉनिटर बदलण्यातला प्रकार. पण क्रोमवर, वेबरवर, लाकडी स्टिअरिंगवर खर्च करायला सगळे तयार असतात. टाकीसाठी गाडीखाली पाठीवर झोपावं लागतं आणि तिचा फोटो कुणी बघत नाही.

इथपर्यंत नुसता पैशांचा आणि मनस्तापाचा हिशोब झाला. मला खरी चीड आली ती ऑक्टोबरात.

टाकी नवी बसली होती, गाडी मस्त पळत होती. एका रविवारी ऑक्सफर्डच्या बाजूला जाऊन आलो. घरी आल्यावर पेट्रोलचा वास आला. जुन्या गाडीला वास असतोच, असं म्हणून आत गेलो. चहा टाकला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत बाहेर आलो आणि बॉनेट उघडलं. माझा तो लाडका काचेचा फिल्टर, त्याच्या टोपणाचं रबरी रिंग आकसलं होतं आणि तिथून थेंब थेंब पेट्रोल ठिबकत होतं. एमजीबीत दोन्ही कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड इंजिनच्या एकाच बाजूला असतात, वर कार्बोरेटर, खाली मॅनिफोल्ड, मधे पत्र्याचं हीट शील्ड. थेंब शील्डच्या कडेवरून ओघळत होता. मॅनिफोल्ड अजून हात लावता येणार नाही इतका गरम होता. काही झालं नाही. काही का झालं नाही, याचं माझ्याकडे उत्तर नाही.

तो फिल्टर कुणी बसवला होता? मी. कशासाठी? बघायला. आणि त्याने काय दाखवलं? काही नाही. प्रत्येक जादा फिल्टर म्हणजे पेट्रोलच्या वाटेत दोन जादा जोड, दोन जादा क्लिपा, काचेचा असेल तर वर दोन जादा रिंगा. हे सगळं गरम, हादरणाऱ्या इंजिनवर. काचेच्या फिल्टरला इंजिनपाशी जागाच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मी आता एकच बंद फिल्टर ठेवलाय, मागे पंपाच्या पुढच्या बाजूला, उष्णतेपासून लांब. पंपाच्या आधी बारीक कागदी फिल्टर लावू नये, हा पंप मागून ढकलण्यासाठी आहे, जाड कपड्यातून ओढण्यासाठी नाही.

"पण मूळ गाडीत असं नव्हतं!" हा पुढचा आक्षेप. आमच्या भागातले एक गृहस्थ आहेत, सत्तरीचे, त्यांच्या गाडीत १९६० च्या दशकातल्यासारख्याच क्लिपा आणि तसंच दिसणारं रबर. मला म्हणाले, "पन्नास वर्षं चाललंय, यंग मॅन." मी त्यांना मान देतो, त्यांना या गाड्यांबद्दल माझ्या दसपट माहिती आहे. पण काका, गाडी ओरिजिनल असेल, पेट्रोल कुठे ओरिजिनल राहिलंय? ग्रेट ब्रिटनमधे सप्टेंबर २०२१ पासून साधं अनलेडेड म्हणजे ई१०, दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉल पाणी शोषतं, टाकीच्या भिंतींना बसलेली जुनी घाण सोडवतं, आणि जुन्या प्रकारच्या रबराला फुगवतं, ठिसूळ करतं. ज्या रबराने पन्नास वर्षं काढली, ते या द्रवाला कधी भेटलंच नव्हतं.

याच्या उलट टोकाला सगळं खापर इथेनॉलवर फोडणारी मंडळी आहेत. तेही मला पटत नाही. इथे सुपर ग्रेडचं, ९७ ऑक्टेनच्या वरचं पेट्रोल ई५ म्हणून मिळतं, जुन्या गाडीत तेच टाकावं, टाकीमागे चार पैसे जास्त जातील. पण इथेनॉलने तुमची टाकी सहा महिने झाकून ठेवली नव्हती. उन्हाळ्यात चार रविवार चालवायची, उरलेलं वर्ष अर्ध्या टाकीनिशी गॅरेजात, आणि मग सरकारच्या नावाने बोटं मोडायची? उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर सडते. म्हणून फिल्टर आणि नळ्या मैलांवर नाही, कॅलेंडरवर बदलायच्या.

नळ्यांबद्दल मात्र विकणाऱ्यांनाही मोकळं सोडायला नको. इथेनॉलला टिकणारी नळी म्हणजे एसएई जे३० आर९, आत फ्लुओरोइलॅस्टोमरचं अस्तर असलेली. मी घेतलेल्या एका नळीवर आर९ असं ठळक छापलेलं होतं. आठ महिन्यांनी वाकवून बघितली तर भेगा. छापायला काय, शाई लागते. आता मी कुठली नळी कुठून, कधी घेतली याची चिठ्ठी नळीलाच बांधतो आणि दर सहा महिन्यांनी एक नळी काढून वाकवून बघतो. बायको म्हणते लग्नाची तारीख तरी इतकी लक्षात ठेवतोस का. असो.

पुण्या-मुंबईत बसून हे वाचणाऱ्यांना वाटेल, एमजीबीशी आमचा काय संबंध. संबंध आहे. भारतात २०२५ पर्यंत पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांवर गेलंय, म्हणजे मी इथे ज्याच्या नावाने ओरडतोय त्याच्या दुप्पट. घरात बाबांची पद्मिनी, काकांची येझदी, स्वतः हौसेने घेतलेली आरएक्स १०० असेल, तर तिच्या टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचं रबर बहुधा दुसऱ्याच जमान्याच्या पेट्रोलसाठी बनलेलं आहे. मेकॅनिक तिथेही "कार्बोरेटर साफ करू या" पासूनच सुरुवात करेल. त्याला आधी टाकीचं झाकण उघडायला लावा.

आता शेवटची गोष्ट, जिच्यावर इथल्या लोकांशी माझे सगळ्यात जास्त वाद होतात. ब्रिटनमधे २० मे २०१८ पासून ४० वर्षांपेक्षा जुन्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना एमओटीतून, म्हणजे वार्षिक तपासणीतून, सूट आहे. गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी ठेवायची कायदेशीर जबाबदारी मालकाचीच, पण वर्षातून एकदा तिच्याखाली टॉर्च घेऊन बघणारा परका माणूस गेला. क्लबातल्या सगळ्यांना ही सूट म्हणजे विजय वाटतो. "आम्ही आमच्या गाड्या जिवापाड जपतो, आम्हाला तपासणी कशाला?"

मीही जिवापाड जपत होतो. दर शनिवारी पॉलिश करत होतो. आणि मॅनिफोल्डच्या वर पेट्रोल ठिबकवणारं यंत्र माझ्या हाताने बसवून, त्याचा फोटो काढून मित्रांना पाठवला होता. एमओटीत इंधनाची गळती बघतात, दिसतील तेवढ्या नळ्या बघतात. ज्या गाड्यांचं रबर सगळ्यात जुनं, पंप विजेवर चालणारा, आणि अपघात झाला तरी पंप बंद करणारा इनर्शिया स्विच बहुतेकांत नाही, नेमक्या त्याच गाड्यांना आपण म्हणतो, तुम्हाला बघायची गरज नाही. हा मला तरी शुद्ध वेडेपणा वाटतो. (तो स्विच मी बसवून घेतला. दोन वायरी आणि दोन स्क्रूंचं काम आहे.)

सूट असली तरी स्वतःहून एमओटी करून घेता येते, त्याला कुणाची मनाई नाही. मागच्या आठवड्यात फोन करून तारीख घेतली. पलीकडच्या मुलीने गाडीचा नंबर घेतला, कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाली, "पण सर, तुमच्या गाडीला एमओटी लागत नाही."

म्हटलं, माहिती आहे. शनिवारी सकाळी साडेनऊला घेऊन येतो.